मासिकाच्या कव्हरवरचा मर्द कसा वाचायचा, फूटपट्टी घेऊन

आमच्या बेळगावात दोन दोस्त भेटले की पहिला शब्द "काय मर्दा" हाच असतो. बस चुकली तर "चुकली की मर्दा", पोराला नोकरी लागली तर "पेढे आण मर्दा", आणि कुणाचा बाप गेला तरी खांद्यावर हात ठेवून "असं रडू नको मर्दा". या शब्दात छाती किती इंच, पगार किती, घड्याळ कुठलं असलं काही विचारलेलं नसतंय, समोरचा माणूस आपला आहे एवढंच त्यात असतंय. पुरुषांच्या मासिकांच्या कव्हरवर हा शब्द छापत नाहीत, पण मर्द व्हायच्या अटी मात्र छापलेल्या असतात, फोटोत, अक्षरात, रंगात. त्या अटी वाचायच्या कशा ते मी आज सांगायलोय.

हे सुचलं भाच्यामुळं. वडगावला राहतोय, बारावीला आहे. मागच्या वर्षी त्यानं घरात भात खायचा बंद केला, ताटातली पोळी पण मोडून मोडून अर्धी ठेवायचा, ताई रडकुंडीला आली म्हणून मी गेलो तर म्हणाला मामा कटिंग चालू आहे, म्हणजे चरबी उतरवायला खाणं तोडायचं. त्याच्या खोलीतल्या कपाटाच्या दाराला आतून आरसा आहे, आणि त्या आरशाच्या शेजारी, बरोबर छातीच्या उंचीवर त्यानं एका फिटनेस मासिकाचं कव्हर सेलोटेपनं चिकटवलेलं. म्हणजे दार उघडलं की एका बाजूला याची छाती आणि दुसऱ्या बाजूला त्याची. टी-शर्ट वर करून मला म्हणाला, तीन महिने झाले मामा, माझ्यात काय कमी आहे सांग. मला त्या वेळी उत्तर सुचलं नाही. घरी गेलो, दोन दिवस विचार केला आणि रविवारी फूटपट्टी, पेन्सिल आणि जुन्या अंकांचा गठ्ठा घेऊन परत गेलो.

आधी सामान गोळा करा

नवीन अंक विकत घ्यायची गरज नाही. रद्दीवाल्याकडं किलोवर मिळतात, सलूनमध्ये बाकड्याखाली पडलेले असतात, वाचनालयात जुने गठ्ठे असतात. चार तरी वेगवेगळ्या जातीचे घ्या: एक उघड्या छातीचं फिटनेसचं, एक सूटबुटातलं फॅशनचं, एक बायकांचं मासिक आणि मिळाला तर एखादा जुना दिवाळी अंक. शिवाय एक फोटो लागतो जो मासिकातला नाही, तालमीतला किंवा कुस्ती मैदानाच्या पोस्टरवरचा पैलवानाचा. तो कशाला लागतो ते पुढं येईलच.

सगळी कव्हरं जमिनीवर शेजारी शेजारी मांडा आणि दोन मिनिटं नुसतं बघा, वाचू नका. एकेकटं कव्हर बघितलं की माणूस त्याच्यात ओढला जातो, चार शेजारी ठेवली की साचा दिसतो. फिटनेसची तीन अंकं शेजारी ठेवल्यावर भाचाच म्हणाला, मामा हे तिघं एकाच पोझमध्ये उभे आहेत की.

डोळे आणि हात

पहिलं बघायचं ते कव्हरवरचा माणूस कुठं बघतोय. तुमच्याकडं रोखून, का वर लांब कुठंतरी, का बाजूला. रिचर्ड डायर नावाच्या ब्रिटिश अभ्यासकानं १९८२ साली पुरुषांच्या पोस्टरवजा फोटोंबद्दल लिहिलंय, त्याचं म्हणणं असं की पुरुषाला नुसतं बघण्यासाठी उभा केला की त्याला अवघडल्यासारखं होतंय, कारण बघायचं काम पुरुषाचं आणि स्वतःला बघू द्यायचं काम बाईचं अशी सवय पडलेली. म्हणून मग तो वर बघतो जसं काही मोठ्या विचारात आहे, नाहीतर कॅमेऱ्याकडं असा बघतो की बघणाऱ्यालाच दम भरतोय. आणि नुसता पडून असला तरी स्नायू ताणलेले असतात, म्हणजे मी काहीतरी करणारा आहे हे दिसत राहावं. हे एकदा कळलं की तुम्ही कुठलंही कव्हर घ्या, सैल सोडलेला पुरुष शोधून दाखवा. खांदे पडलेले, पोट सुटं, हात मांडीवर, जसा आपला बाप जेवल्यावर कट्ट्यावर बसतो तसा. मला गठ्ठ्यात एकही सापडला नाही.

दुसरं हात. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात अमेरिकन जाहिरातींचे ढिगानं फोटो बघून दाखवलं की बाईचा हात वस्तूला नुसता शिवतो, कुरवाळतो, आणि पुरुषाचा हात पकडतो, दाबतो, वापरतो. हे कव्हरवर तपासायला सोपं आहे. बोटं बंद आहेत का उघडी? मूठ, कॉलर, खिसा, डंबेल, गाडीचा दरवाजा, का कुणा बाईची कंबर? बाई असेल तर ती किती उंचीवर उभी आहे, तिचं डोकं त्याच्या खांद्याच्या वर जातंय का, फोटोतून तिला काढली तर कव्हरचं काही अडणार आहे का?

मनगटावरचं घड्याळ दिसलं की अंक उलटा करून शेवटचं पान बघा. पुष्कळदा तिथं घड्याळ नाहीतर परफ्यूम असतंय. जीक्यू हे मासिक मुळात १९३१ साली अपॅरल आर्ट्स नावानं निघालं आणि ते कपड्याच्या व्यापाऱ्यांसाठी आणि दुकानदारांसाठी होतं, गिऱ्हाइकाला काय दाखवायचं ते त्यांना कळावं म्हणून. हे मला कळलं तेव्हा डोक्यात लख्ख पडलं. आपल्या गणपत गल्लीत कापड दुकानाच्या दारात पुतळा उभा असतोय ना सदरा घालून, त्याला आपण कधी म्हणत नाही की माझे खांदे याच्यासारखे का नाहीत. कव्हरवरच्या माणसाला मात्र म्हणतो, कारण तो श्वास घेतोय असं वाटतंय.

आता फूटपट्टी

हा भाग पोरांना सगळ्यात जास्त आवडतो, म्हणून नीट सांगतो. डेन आर्चर नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली एक साधी मोजणी मांडली. फोटोत डोक्याच्या टोकापासून हनुवटीपर्यंत किती सेंटिमीटर ते मोजायचं. मग डोक्याच्या टोकापासून शरीराचा जेवढा शेवटचा भाग फोटोत दिसतो तिथपर्यंत मोजायचं. पहिल्या आकड्याला दुसऱ्यानं भागायचं. फक्त चेहराच असेल तर उत्तर १ च्या जवळ येतं, पायापर्यंत सगळा माणूस असेल तर अगदी कमी येतं. त्यांना दिसलं की मासिकं वर्तमानपत्रांत पुरुषांचा चेहरा मोठा आणि बायकांचं शरीर जास्त दाखवतात, आणि ज्याचा चेहरा मोठा छापलाय तो माणूस बघणाऱ्याला जास्त हुशार वाटतो. एवढ्याशा गोष्टीनं.

आम्ही मोजलं. सूटवाल्या कव्हरवर चेहरा ९ सेंटिमीटर, दिसणारा माणूस २० सेंटिमीटर, म्हणजे ०.४५. फिटनेसच्या कव्हरवर चेहरा ५ आणि दिसणारा माणूस २५, म्हणजे ०.२. बायकांच्या मासिकावरच्या नटीचा आकडा ०.३ च्या आसपास आला. भाचा बराच वेळ त्या आकड्यांकडं बघत बसला, कारण ज्या कव्हरकडं बघून तो मर्द व्हायला निघाला होता त्यात त्या माणसाचं तोंडच सगळ्यात छोटं होतं. जशी बाई छापतात, नुसतं शरीर म्हणून, तसाच हा पण छापलाय. फरक एवढाच की याला वर डंबेल दिलंय.

चार अंकांच्या मोजणीनं काही सिद्ध होत नाही हे मान्य, पण हातात पट्टी आली की डोळ्यांची सवय बदलते, आणि मला तेवढंच पाहिजे होतं.

अक्षरं मोठ्यानं वाचा

कव्हरवरच्या ओळी मोठ्यानं मराठीत करून वाचा. पोट घालव. छाती कमव. तिला वेड लाव. जास्त कमव. बघा, सगळी आज्ञार्थी क्रियापदं. घरात बाप असा बोलला तर पोरगं दार आपटून जातंय, आणि इथं पैसे मोजून ऐकतंय. मग आकडे बघा: इतक्या दिवसांत, इतक्या मिनिटांत, इतके किलो. मग शत्रू कोण आहे ते बघा, बऱ्याच वेळा शत्रू आपलंच पोट असतंय.

आणि या ओळी दर महिन्याला नव्या असतात असंही नाही. अमेरिकेतल्या मेन्स हेल्थच्या डिसेंबर २००९ च्या कव्हरवरच्या ओळी ऑक्टोबर २००७ च्या कव्हरवरून जवळजवळ जशाच्या तशा उचललेल्या होत्या, लोकांनी दोन्ही शेजारी ठेवून दाखवलं. यात मला लबाडीपेक्षा वेगळीच गोष्ट दिसते. पोट खरंच गेलं असतं तर दोन वर्षांनी तीच ओळ कुणी विकत घेतली असती का? हा प्रश्न पोराला विचारा आणि गप्प बसा, उत्तर त्याला काढू दे.

आपल्याकडं हे सगळं तसं नवीनच आहे. मेन्स हेल्थची भारतातली आवृत्ती २००७ ची, जीक्यूची २००८ ची. त्याच २००७ मध्ये शाहरुखनं सिक्स पॅक दाखवले आणि मला आठवतंय, त्या दिवाळीनंतर आमच्या ओळखीतली जी पोरं सकाळी तालमीत जोर मारायची त्यातली निम्मी जिमकडं वळली. त्याच्याआधी गल्लीत कुणाच्या पोटावर सहा चौकोन आहेत का हे कुणी मोजलेलं मला तरी आठवत नाही.

ते शरीर तयार कसं होतं

एक खरी घडलेली गोष्ट पोरांना जरूर सांगा. २००७ साली अमेरिकेतल्या मेन्स फिटनेसनं टेनिसपटू अँडी रॉडिकला कव्हरवर घेतलं. अंक बाहेर आल्यावर रॉडिकनं स्वतःच लिहिलं की हे दंड माझे नाहीत, हे २२ इंची दिसायलेत, आणि माझ्या हातावरची जन्मखूण कुठं गेली? कॉम्प्युटरवर दंड फुगवलेले. बघा म्हणजे, ज्यानं २००३ ची यूएस ओपन जिंकली, ज्याच्या सर्व्हिसला जगातले खेळाडू घाबरायचे, त्याचा हात सुद्धा कव्हरला पुरला नाही! तर माझ्या भाच्याचा कुठनं पुरणार.

कॉम्प्युटर नसला तरी बाकी युक्त्या असतातच. उजेड बाजूनं आणि वरून टाकला की प्रत्येक स्नायूखाली सावली पडते आणि खड्डे खोल दिसतात, समोरून टाकला की तेच पोट सपाट दिसतं. फोटोच्या आधी पाचदहा मिनिटं जोर मारून स्नायूत रक्त भरून घेतात. अंगाला तेल लावतात. पुष्कळ जण आधी एकदोन दिवस पाणी आणि मीठ तोडतात म्हणजे कातडी स्नायूला चिकटते. हे शेवटचं अंगलट येऊ शकतंय, चक्कर, किडनीवर ताण, म्हणून पोरांना सांगताना हे करायचं नसतंय हेही त्याच वाक्यात सांगा. उजेडाची युक्ती मात्र करून दाखवा. खोलीतली लाइट घालवा, मोबाईलची टॉर्च आधी समोरून आणि मग कडेनं वरून धरा. भाच्याच्या पोटावर पहिल्यांदा काहीच नव्हतं आणि दुसऱ्यांदा चार चौकोन दिसले, त्याच मिनिटाला, त्याच पोटावर. तो जो हसला ना, तीन महिन्यांत पहिल्यांदा मी त्याला तसं हसताना बघितलं.

हार्वर्डचे मानसोपचारतज्ज्ञ हॅरिसन पोप यांनी १९९९ साली अमेरिकन पोरांची खेळणी मोजली होती. जीआय जो नावाचा सैनिक बाहुला १९६४ साली खऱ्या माणसाएवढा केला असता तर त्याचा दंड १२.२ इंच भरला असता, आणि १९९८ च्या बाहुल्याचा २६.८ इंच. खेळण्याचा दंड दुप्पट झाला, माणसाचा कसा होणार?

कुणी पोरगं जेवण तोडायला लागलं, आरशापुढनं हलेना, नाहीतर जिममध्ये कुणी इंजेक्शनचं नाव काढलं, तर कव्हर वाचत बसू नका, सरळ डॉक्टरकडं न्या.

पैलवानाचा फोटो शेजारी ठेवा

आता तो बाजूला ठेवलेला फोटो काढा. आमच्याकडं आनंदवाडीच्या आखाड्यात मैदान असलं की पोस्टरवर जे पैलवान असतात त्यांच्याकडं नीट बघा. मान डोक्याएवढी रुंद. कान दुमडून दुमडून त्याच्या गाठी झालेल्या, वर्षानुवर्षं मातीत घासून. मांड्या अशा की पँट शिवून घ्यावी लागते. आणि पोट? पोट आहे, भरलेलं, कुठं चौकोन नाही. मी लहानपणी शहापूरला मामाबरोबर तालमीत जायचो, लाल मातीत तेल, ताक, हळद, लिंबू पडलेलं असायचं, तो वास अजून नाकात आहे. तिथं कुणी कुणाच्या पोटाकडं बघायचं नाही, पकड बघायचे, दम बघायचे, हलगी वाजायला लागल्यावर समोरच्याला किती वेळ धरून ठेवतोस ते बघायचे.

भरतीची तयारी करणाऱ्या पोरांचं पण तसंच. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावातच असल्यामुळं खानापूर, येळ्ळूर, उचगाव, कडोली इकडची पोरं पहाटे रस्त्यावर पळताना दिसतात. तिथं टेप लावतात ती छातीला, साधारण ७७ सेंटिमीटर आणि श्वास भरून ५ सेंटिमीटर फुगली पाहिजे, आणि १.६ किलोमीटर पळायचं ठरलेल्या वेळात. त्यातही पोरं खचतात, मी त्याचं गुणगान करत नाही, तालमीत पण दमदाटी असते आणि रडणाऱ्याला बायल्या म्हणणारे वस्तादही मी बघितलेत. पण तिथं शरीर काय करतंय ते विचारतात, कव्हर फक्त कसं दिसतंय ते विचारतं. दोन्ही फोटो शेजारी ठेवून पोराला विचारा, चाळीस किलोचं पोतं चढावर कोण नेईल? पुरात कुणाला हाक मारशील?

कोण नाही ते मोजा

कव्हरवर कोण आहे ते सगळे बघतात, कोण नाही ते बघायला शिकवावं लागतं. कागदावर यादी करा. काळ्या रंगाचा पुरुष किती कव्हरांवर? चष्मा लावलेला? टक्कल पडलेला? पोरगं कडेवर घेतलेला? निपाणीत तंबाखूच्या वखारीत राबणारा, ऊसतोड करणारा, एसटी चालवणारा? फेअर अँड हँडसम ही पुरुषांची गोरं व्हायची क्रीम २००५ साली बाजारात आली, आणि तेव्हापासून माझ्यासारख्या सावळ्या पोरांना अजून एक अट लागू झाली जी आमच्या आजोबांना माहीतच नव्हती. दिवसभर उन्हात राबणाऱ्याचा रंग काळाच असणार, त्यात लाजायचं काय होतं?

पुरुष नसलेली कव्हरं

जुना दिवाळी अंक आता हातात घ्या. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर, दोघेही गोव्याकडचे, यांनी मराठी मासिकांना आणि दिवाळी अंकांना कित्येक वर्षं कव्हरं दिली आणि त्यातल्या पुष्कळांवर सुंदर बाई आहे. रेषा काय, रंग काय, आजही बघत राहावं असं काम. पण पोराला विचारा यात पुरुष कुठाय. तो आहे, तो चित्राच्या बाहेर उभा राहून बघतोय, म्हणजे तूच. कव्हर पुरुषाला दोन तऱ्हेनं घडवतं, तू असा दिस म्हणून आणि तू असं बघ म्हणून, आणि दुसरी तऱ्हा लक्षात यायला जास्त वेळ लागतो.

आमच्या भागाचा अजून एक धागा यात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली, आणि तिथून १९२० साली किर्लोस्कर खबर हे मासिक सुरू झालं. १९३० साली त्याच घरानं बायकांसाठी वेगळं मासिक काढलं त्याचं नाव स्त्री. पहिल्या मासिकाला पुरुष असं नाव द्यायची गरज पडली नव्हती, वाचणारा पुरुषच असणार हे धरूनच चाललेलं. मराठीतलं हे मला फार शिकवून जातं.

चांगलं कव्हर पण दाखवा

नुसती चिरफाड केली तर पोरगं कंटाळतं. मोबाईलवर एस्क्वायर या अमेरिकन मासिकाचं एप्रिल १९६८ चं कव्हर काढा. जॉर्ज लोइस या डिझायनरची कल्पना. मुहम्मद अली पांढऱ्या चड्डीत उभा आहे, अंगात बाण रुतलेत, मान मागं पडलेली, तोंड वेदनेनं उघडं. व्हिएतनामच्या लढाईला जायला त्यानं नकार दिला म्हणून १९६७ मध्ये त्याचं विजेतेपद काढून घेतलेलं होतं. जगातला सगळ्यात ताकदवान माणूस आणि त्याला जखमी दाखवलाय. हात मागं. मूठ नाही, दम भरणं नाही. आधी शिकलेल्या सगळ्या खुणा इथं लावून बघा, डोळे, हात, स्नायू, अक्षरं. भाच्याला मी काही सांगितलं नाही, त्यानं आपणच झूम करून बघितलं आणि विचारलं, याला एवढं लागलंय तरी हा हरलेला का वाटत नाही मामा? आम्ही त्यावर रात्री अकरापर्यंत बोलत बसलो, ताईनं मध्ये भात आमटी आणून ठेवली, त्यानं खाल्ली.

कव्हरं संपली की पट्टी घेऊन गल्लीत या. कोपऱ्यावर वाढदिवसाचा फ्लेक्स असणारच. मोबाईलवर फोटो काढून घरी मोजा, साहेबांचा आकडा ०.७ च्या पुढं येतोय आणि खाली ओळीत बसवलेल्या कार्यकर्त्यांची डोकी नाण्याएवढी. गॉगल, पांढरा शर्ट, नमस्कार का मिशीवर हात, नजर कुठं, फ्लेक्सवर बाई किती आणि असली तर कुणाची बायको म्हणून. हे सगळं पोरांना आता पटापट दिसतं, कारण इथली माणसं ती ओळखतात, साहेब खरे किती उंच आहेत ते त्यांना माहीत असतंय.

आणि अंकांवर खुणा करताना पेन्सिलच वापरा. सलूनमधून आणलेले अंक परत द्यायचे असतात.